आखाजीपर्यंत नाव नोंदवू नका

पत्र (थोडक्यात): 'सादर नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४३. घरी केळी आणि कापसाची शेती आहे. पाच वर्षांपूर्वी पहाटे चालायला लागले, चालण्याचे धावणे झाले आणि मुंबईची पूर्ण मॅरेथॉन एकदा तरी धावायचीच, असे मनाने घेतले. पहिल्या वेळी गुडघा दुखावला, दुसऱ्या वेळी सासऱ्यांचे आजारपण निघाले. या जानेवारीत ती ५ तास २४ मिनिटांत पूर्ण केली. शेवटची रेषा ओलांडताना रडू आवरले नाही. पण घरी आल्यावर आठवड्याभरात सगळे ओसरले. दहाव्या दिवशी दहा किलोमीटर धावायला निघाले आणि चौथ्या किलोमीटरवरून परत फिरले. आता मार्च निम्मा सरला, बूट तसेच पडून आहेत. शाळेत मन लागते, जेवणखाण नीट आहे. पहाटे साडेचारला जागही येते, पण मी छताकडे पाहत पडून राहते. आमच्या व्हॉट्सॲप गटातील मंडळी सारखी विचारतात, पुढची फुल की आता अल्ट्रा (मॅरेथॉनहूनही लांब पल्ल्याची शर्यत)? शनिवारी सकाळच्या शाळेआधी माझे धावणे संपत आले की सातवी-आठवीच्या चार-पाच मुली फाटकापाशी थांबलेल्या असायच्या आणि दप्तरे सांभाळत, हसत शेवटचा टप्पा माझ्याबरोबर धावायच्या. त्याही विचारतात, मॅडम, तुम्ही धावत का नाही? पुन्हा प्रेरणा कशी आणावी? आणि एक किरकोळ प्रश्न : पदक कपाटात ठेवले आहे, ते भिंतीवर लावावे का?'

प्रिय ताई,

सादर नमस्कार. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. प्रेरणा कशी आणावी, असे तुम्ही विचारले आहे; पण जी व्यक्ती गजर न लावता पहाटे साडेचारला जागी होते, तिची प्रेरणा हरवली आहे, हे मला पटत नाही. मात्र तुमच्या मनाविषयी बोलण्याआधी मला तुमच्या पायांविषयी बोलायचे आहे, कारण मॅरेथॉननंतर उत्साह गेला म्हणणारे बरेच धावपटू मनाला दोष देत असतात आणि शरीर मात्र अजून दुरुस्तीच्या कामात गुंतलेले असते.

४२.१९५ किलोमीटर अंतर ५ तास २४ मिनिटांत कापताना तुमची पावले पन्नास हजारांच्या आसपास पडली असतील आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायांनी सोसला असेल. पायऱ्या उतरतानाची दुखणी चार-पाच दिवसांत थांबतात आणि म्हणून आपल्याला वाटते की झाले, मोकळे झालो. परंतु स्नायूंच्या तंतूंमधील बारीक इजा, कंडरांवरचा आणि हाडांवरचा ताण भरून यायला कित्येक आठवडे लागतात. दहाव्या दिवशी दहा किलोमीटर धावायला जाणे ही घाई होती. चौथ्या किलोमीटरवरून तुम्ही परत फिरलात, हे मला त्या दिवसातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. तुम्ही मात्र त्याला पराभव मानून बसला आहात आणि बूट त्या दिवसापासून पडून आहेत, असे पत्रावरून दिसते.

पुढच्या आठवड्यात एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनवर थांबू नका; फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड हेही पाहायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली गेलेले असणे हे या वयातल्या स्त्रियांमध्ये आणि विशेषतः लांब पल्ल्याच्या धावपटू स्त्रियांमध्ये नवलाचे नाही. मासिक पाळीत लोह जाते, घामातून थोडे जाते, आणि मोठ्या श्रमानंतर काही तास आतडी लोह कमी शोषतात. अशा वेळी जो जडपणा येतो, तो हुबेहूब निरुत्साहासारखा असतो. आठवड्यातून एकदा वर्गातील मुलींना लोहाच्या गोळ्या देणाऱ्या शिक्षिकेने स्वतःचे लोह शेवटचे कधी तपासले होते, हा प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. तोवर एवढेच करा, की जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. चहा अन्नातले लोह नीट अंगी लागू देत नाही.

आता मनाकडे येऊ. चैत्रात आपल्या खानदेशातून सप्तशृंगीगडावर पायी जाणाऱ्यांचे जथे तुम्ही पाहिले असतील, कदाचित एखाद्या वर्षी त्यांच्याबरोबर चाललाही असाल. जाताना ढोल असतात, पायांना फोड आलेले असतात, आणि तरी कोणी कुरकुरत नाही. दर्शन होते, आणि परतताना तीच माणसे गाडीच्या खिडकीला डोके टेकवून गप्प बसलेली असतात. देवीवरची श्रद्धा तेवढ्या वेळात कमी झालेली नसते. चालणे संपलेले असते, एवढेच. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते, की बक्षिसाची चाहूल देणारी खूण कळू लागली की डोपामाइन हे रसायन स्रवणाऱ्या मेंदूतील पेशी त्या खुणेला प्रतिसाद देतात आणि ठरलेले बक्षीस प्रत्यक्ष हाती येते तेव्हा त्या जवळजवळ शांत राहतात. माकडाचा नियम माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे खरे. पण पाच वर्षे रोज पहाटे तुम्हाला उठवणारी ती चाहूल होती आणि १ फेब्रुवारीला ती उरली नव्हती, एवढे त्यावरून समजून घ्यायला हरकत नाही. शिवाय तुमचे ध्येय दोनदा हुकले होते, आणि हुकलेल्या ध्येयाभोवती घरचे वेळापत्रक, स्वयंपाकाची वेळ, रविवार, झोप असे सगळे जास्तच घट्ट बांधले जाते. खांब काढला की मांडव बसणारच.

तुमच्या गटातील मंडळींचा उपाय सोपा आहे : लगेच दुसरा खांब रोवायचा. पुढची फुल, नाहीतर अल्ट्रा. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण हा सल्ला मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगले सांगता येईल. त्यांना फरदडीविषयी विचारा. डिसेंबरात कापसाची वेचणी संपते, झाडे अजून हिरवी असतात, विहिरीला पाणी असते, आणि भाव बरा असला की मोह होतो : दोन पाणी देऊ, थोडे खत टाकू, मार्चपर्यंत अजून एक-दोन वेचे निघतील. निघतातही. पण त्या बोंडांत कस नसतो, कापूस कवडी येतो, आणि मुख्य म्हणजे शेतात सतत खायला मिळाल्यामुळे गुलाबी बोंडअळीची साखळी तुटत नाही, आणि ती पुढच्या हंगामाच्या मुळावर येते. म्हणून कृषी खाते दर वर्षी सांगते, की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, खोल नांगरट करा आणि जमीन उन्हात तापू द्या. जमीन तापत असते तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला शेत ओसाड दिसते. शेतकऱ्याला ते तसे दिसत नाही.

मी स्वतः ही फरदड घेतलेली आहे. नोकरीत असताना, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पहिली पूर्ण मॅरेथॉन धावल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी मला असेच रिकामे वाटू लागले आणि त्या रिकामेपणाला घाबरून मी नऊ आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या शर्यतीत नाव घातले. सरावात गोडी नव्हती, केवळ पैसे भरले आहेत म्हणून धावत होतो. सहाव्या आठवड्यात नडगी दुखू लागली. मी पट्टी बांधून धावत राहिलो, आणि शेवटी हाडाला बारीक तडा गेल्याचे निघाले. शाळेच्या मैदानावर मुलांना पळायला सांगणारा शिक्षक पुढे कित्येक आठवडे काठी घेऊन खुर्चीवर बसून होता, आणि मुलांनी त्यावर काय काय विनोद केले असतील याची कल्पना तुम्हाला शिक्षिका म्हणून येईलच. दुखापत बरी झाली. पण पहिल्या मॅरेथॉनची आठवण त्या दुसऱ्या प्रकरणाने कायमची गढूळ केली, याचे वाईट अधिक वाटते.

म्हणून माझे स्पष्ट सांगणे असे, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, कुठल्याही स्पर्धेत नाव नोंदवू नका. लवकर नोंदणीची सवलत निघून जात असेल तर जाऊ द्या. मंडळींना उत्तर द्यायचे असेल तर 'आखाजी झाल्यावर सांगते' एवढेच सांगा. आपल्याकडे या उत्तरावर कोणी वाद घालत नाही.

धावणे सोडून द्यायलाही तुम्हाला मोकळीक आहे, हे कोणीतरी सांगितले पाहिजे म्हणून सांगतो. रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा ओलांडली, त्याच उन्हाळ्यात आणखी दोन मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि वर्ष संपायच्या आत स्पर्धेतून निवृत्त होऊन ते वैद्यकीकडे वळले. पुढे ते नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ झाले आणि त्या कामाचा अभिमान आपल्याला त्या मैलाहून अधिक आहे, असे सांगत असत. त्यांना कोणी 'प्रेरणा हरवलेला धावपटू' म्हटले नाही. तुम्हीही ठरवून थांबलात तर तो निर्णय आदराचाच असेल. मात्र थांबायचे असते तर तुम्ही मला पत्र लिहिले नसते, आणि निदान त्या पत्रात मुलींची गोष्ट लिहिली नसती.

त्या गोष्टीकडे आता वळतो. तुमच्या पत्रात मुंबईच्या शर्यतीला दोन ओळी आहेत : वेळ आणि रडू. मार्गावर काय दिसले, कोण भेटले, पेडर रोडचा चढ कसा गेला, यातले काहीही नाही. उलट फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलींची दप्तरेसुद्धा तुम्हाला आठवतात. पाच वर्षांत तुम्ही शेकडो पहाटा धावलात आणि त्यातले तुमच्या लेखणीला आपणहून सुचलेले एकच दृश्य शेवटच्या दोन-चारशे मीटरचे आहे, ज्यात अंतर नगण्य, वेग नगण्य आणि घड्याळाचा काही संबंधच नाही. मुंबई हे तुमचे ध्येय होते, यात शंका नाही. पण तुम्हाला धावायला आवडते ते कदाचित वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण अजून फाटकापाशी उभे आहे.

यावरून लगेच 'मुलींचे धावण्याचे केंद्र' काढू नका, ही विनंती. शिक्षकांची खोड मला ठाऊक आहे. आपण चांगल्या गोष्टीचा उपक्रम करतो, उपक्रमाचा अहवाल करतो, आणि मग ती गोष्ट मरते. फक्त शनिवारी पुन्हा त्याच वेळी त्याच फाटकापाशी या. वाटल्यास मैदानावर फक्कीने दोनशे मीटरची फेरी आखा, तीही टेपने नीट मोजून, कारण तिचा उपयोग पुढे तुम्हालाही होणार आहे. मुलींना दोनशे मीटर पळू द्या, चालू द्या, पुन्हा पळू द्या. रिले लावा, खो-खो खेळा, लंगडी घाला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पाच-दहा किलोमीटर पळवून तिचे कौतुक करणारे पालक आणि पुढारी हल्ली वाढले आहेत, त्या वाटेने जाऊ नका. वाढत्या हाडांना लांब अंतराची घाई नसते, त्यांना वेग आणि खेळ हवा असतो. एखादी मुलगी चांगली पळते असे दिसले तर तालुक्याच्या शालेय स्पर्धा आहेतच. तिथेही छोट्या अंतराला उतरवा. आणि दमली म्हणून जी थांबेल, तिला कारण विचारू नका.

बाकीच्या दिवसांचे सांगतो. आखाजीपर्यंत आठवड्यातून तीन पहाटा, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटे, मनगटावर घड्याळ न बांधता. चालावेसे वाटले तर चाला. पहाटे साडेचारला जाग आली की अंथरुणात राहू नका. धावायचे नसेल त्या दिवशीही उठून अंगणात या, पाणी प्या, केळीच्या बागेपर्यंत जाऊन या. छताकडे पाहत काढलेला तास दिवसभर अंगावर राहतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जाणे नित्याचे आहे आणि सकाळी साडेसहानंतर ऊन टोचू लागते, त्यामुळे हे धावणे त्याआधी संपले पाहिजे. घरी आल्यावर लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घ्या. आठवड्यातून दोन दिवस पायांच्या ताकदीचे साधे व्यायाम करा : बैठका, एका पायावर उभे राहणे, पायरीवर टाचा उचलणे. तुमच्या त्या दुखावलेल्या गुडघ्याला याची गरज होती आणि मॅरेथॉनच्या धावपळीत ते राहूनच गेले असणार, असा माझा कयास आहे. सवड मिळाली तर एखाद्या रविवारी पहाटे मनुदेवीच्या रस्त्याने सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जा, चढावर चाला, सपाटीवर धावा, दर्शन घेऊन या. त्याची नोंद कुठल्याही ॲपवर टाकू नका.

आखाजी झाल्यावर, रक्ताचे अहवाल ठीक असतील आणि बूट घालताना हात जड होत नसतील, तर मग आकड्यांशी खेळायला हरकत नाही. त्यासाठी माझी सूचना अल्ट्राची नाही. तुम्ही पाच किलोमीटर वेगाने धावायला शिका. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याचे एक जुने सूत्र आहे, ज्याने एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज बांधता येतो. त्याप्रमाणे तुमच्या ५ तास २४ मिनिटांवरून पाच किलोमीटरची वेळ साधारण ३४ मिनिटे येते. ती ३१ वर आणायची, एवढेच काम पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पुरेसे आहे. ३१ मिनिटे म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे १२ सेकंद, म्हणजे तुमच्या फक्कीच्या मैदानावर दोन फेऱ्या अडीच मिनिटांत. जून-जुलैमध्ये सावकाश धावण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार-सहा दौडी. ऑगस्टपासून आठवड्यातून एकदा अशा अडीच मिनिटांच्या सहा दौडी, मध्ये दोन मिनिटे चालणे. बाकी सर्व धावणे बोलता येईल इतक्या सावकाश.

हे अंतर मी मुद्दाम सुचवतो आहे. मॅरेथॉनमध्ये पाच-सहा महिन्यांच्या सरावाचा निकाल एका सकाळी लागतो आणि ती सकाळ बिघडली की वर्ष जाते, हे तुम्ही दोनदा भोगले आहे. पाच किलोमीटर बिघडले तर पुढच्या पंधरवड्यात पुन्हा धावता येते. रविवारचे चार तास घराला परत मिळतात. सासऱ्यांच्या आजारपणात तुमच्यावर जी ओढाताण आली असेल, तशी वेळ पुन्हा आली तरी चाळीस मिनिटे निघू शकतात. आणि तुम्हाला नवशिकेपण पुन्हा भेटेल, कारण लांब धावायची सवय झालेल्या माणसाला वेगाने धावणे अगदी परके असते, दम वेगळा लागतो, पोटऱ्या वेगळ्या दुखतात. जळगाव आणि धुळ्यालाही आता धावण्याच्या स्पर्धा होतात, हिवाळ्यात त्यातली एखादी गाठता येईल. नाही गाठली तरी फक्कीची फेरी आहेच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. तुमचे जेवणखाण नीट आहे आणि वर्गात मन लागते, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे नैराश्याचे आजारपण आहे असे मला वाटत नाही. पण वर्गातलेही मन उडाले, भूक गेली, रात्री झोप लागेनाशी झाली, आपला कोणालाच उपयोग नाही असे वाटू लागले आणि हे दोन आठवडे टिकले, तर बुटांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. गुडघा दुखावला तेव्हा तुम्ही डॉक्टरांकडे गेलाच असाल.

आता पदकाचे. भिंतीवर एवढ्यात लावू नका, आणि कपाटातही ठेवू नका. येत्या शनिवारी ते शाळेत न्या आणि मुलींच्या हाती द्या. त्या ते गळ्यात घालून पाहतील, दाताने चावून पाहतील, सोन्याचे आहे का म्हणून विचारतील. बेचाळीस किलोमीटर म्हणजे किती, असे विचारले तर सांगा, की जळगावहून निघून भुसावळ गाठायचे आणि परत फिरून नशिराबादही मागे टाकायचे, साधारण एवढे. त्यानंतर दोनशे मीटरच्या फेरीत तुमच्यापुढे कोण जाते ते पाहा. सातवी-आठवीतली एखादी नक्की जाईल.

तुमचा,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जळगाव